बादामीला एकट्यानं जाऊ नका

नमस्कार मंडळी. आयोजकांनी मला सांगितलं की मित्रांबरोबरच्या प्रवासाच्या आठवणी सांगा. आता तसं बसलं तर रात्र पुरायची नाही, म्हणून आज मी फक्त कर्नाटकातल्या बादामी, पट्टदकल आणि ऐहोळेबद्दलच बोलणार आहे. कारण मला अगदी मनापासून वाटतं की ही तीन गावं एकट्यानं बघूच नयेत, सोबत वेगळ्या डोक्याची माणसं पाहिजेतच.

आमचा ग्रुप कॉलेजपासूनचा. एकजण सिव्हिल इंजिनियर, एक मैत्रीण संस्कृत शिकवते, एकजण बेळगावचा, त्यामुळे कन्नड फाडफाड बोलतो, आणि मी, गळ्यात कॅमेरा. सोलापूरहून गदगकडे जाणारी गाडी पकडायची, वाटेत विजापूर, बागलकोट, मग बादामी. विजापूरचा गोलघुमट बघितलाच, भव्य आहे, पण त्याबद्दल परत कधीतरी.

बादामीत चार मोठी लेणी आहेत, लाल वालुकाश्मात कोरलेली. पहिल्यात अठरा हातांचा नटराज, तो बघून लोक तिथेच फोटो काढत बसतात. पण तिसरं लेणं खरं मोठं. तिथे आम्ही सगळे शेषावर बसलेला विष्णू बघतोय, पाय उंच उचललेला त्रिविक्रम बघतोय, आणि आमचा इंजिनियर मान वर करून नुसता छताकडे बघत उभा. मी म्हटलं अरे काय बघतोस, तर म्हणाला, या तुळया बघ, यांच्यावर काहीही भार नाहीये, वर अख्खा डोंगर आहे तो स्वतःच स्वतःला पेलतोय, आणि हा खांब कुणी आणून उभा केलेला नाही, आजूबाजूचा दगड काढून टाकला आणि हा ठेवला. म्हणजे छिन्नी एकदा चुकली की संपलं, दुसरा दगड आणून बसवता येत नाही. याच लेण्यात चालुक्य राजा मंगलेशाचा शिलालेख आहे, शके 500, म्हणजे इसवी सन 578, त्यामुळे हे काम कधीचं ते अंदाजानं सांगावं लागत नाही. त्या दिवसानंतर मी कुठल्याही लेण्यात गेले की आधी वर बघते!

दुसऱ्या दिवशी पट्टदकल. तिथे विरूपाक्ष मंदिर आहे, चालुक्य राजा विक्रमादित्य दुसरा यानं कांचीच्या पल्लवांवर विजय मिळवला त्याची आठवण म्हणून राणी लोकमहादेवीनं बांधवून घेतलेलं, आणि शेजारीच मल्लिकार्जुन, तो तिच्या बहिणीनं, राणी त्रैलोक्यमहादेवीनं. बांधणाऱ्या सूत्रधाराचं नाव, गुंड, शिलालेखात आहे हे मला फार आवडलं, कारण राजांची नावं सगळीकडे असतात, कारागिराचं क्वचितच. आणि तुम्ही वेरूळचं कैलास बघितलं असेल तर इथे उभं राहिल्यावर लगेच ओळख पटते, तोच आराखडा, फक्त इथे दगडावर दगड रचलाय आणि तिकडे काही दशकांनी तेच वरून खाली डोंगरातून काढलंय. चालुक्यांना हरवून कैलास कोरणाऱ्या राष्ट्रकूटांनी त्यांच्या कलेपुढे मान तुकवली, असं मला वाटतं.

जेवणाचं सांगायलाच हवं. बादामीपासून जवळच बनशंकरी, आपल्याकडच्या कितीतरी घरांची कुलदेवी. देवळाबाहेर झाडाखाली बायका टोपल्यात ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, भरलं वांगं, दही घेऊन बसतात. बेळगावकरानं एका आजींना अज्जी म्हणून हाक मारली, घरचं गाव विचारलं, आणि मग आमच्या पानात वाढणं थांबेचना. भाषा येणारा मित्र सोबत असला की गाव तुम्हाला पाहुणा म्हणून घेतं.

पण माझ्यासाठी या ट्रिपचा कळस ऐहोळेला. टेकडीवर मेगुती नावाचं जैन मंदिर आहे, भिंतीवर रविकीर्तीचा लेख, शके 556, म्हणजे इसवी सन 634. लिपी जुनी कन्नड, भाषा संस्कृत. मैत्रीणीनं छापील पाठ सोबत आणला होता, ती भिंतीसमोर उभी राहून एकेक श्लोक मोठ्यानं म्हणायची आणि अर्थ सांगायची. रविकीर्ती स्वतःला कालिदास आणि भारवीच्या तोडीचा कवी म्हणवतो, केवढा आत्मविश्वास! आणि चालुक्य राजा पुलकेशी दुसरा हा 99 हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला, हे वाक्य आलं तेव्हा आम्ही सगळेच गप्प झालो, कारण आपल्या मुलखाचं नाव आपल्या घरापासून इतक्या लांब, सातव्या शतकातल्या दगडावर ऐकत होतो. मग बेळगावकर म्हणाला, परत म्हण. तिनं परत म्हटलं.

माझा आग्रह एवढाच, एका दिवसात तिन्ही गावं उरकायची पॅकेजेस घेऊ नका. मुक्काम बादामीला करा, मेगुतीला सकाळी लवकर चढा कारण उन्हात दगड तापतो, आणि थंडीतच जा. कुणाला गाड्यांचं, राहण्याचं विचारायचं असेल तर आत्ता विचारा, मी थांबले आहे.