पाणी कोणाच्या सातबाऱ्यावर?

(दृश्य : रात्र. रानात बोअरची गाडी. उजेडात पांढरी भुकटी उडते आहे.)

तीनशे फूट झाले, अजून फुफाटाच वर येतोय. मालक म्हणतो, "आणखी शंभर जाऊ द्या." शेजारच्या विहिरीवाला बांधावर उभा आहे, गप्प. बोलणार तरी काय? रान ज्याचं, त्याखालचं पाणीही त्याचंच. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून हा हक्क असाच चालत आलाय. पाण्याला मात्र बांध कळत नाही.

(दृश्य : पुरंदर तालुका, नायगाव. उघडा माळ.)

1972 चा दुष्काळ. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. पुण्याचे इंजिनिअर आणि उद्योजक विलासराव साळुंखे यांनी ते पाहिलं आणि नायगावात देवस्थानची 40 एकर खडकाळ, उताराची जमीन कराराने घेतली. बांध घातले, पाणी अडवलं, खालच्या अंगाला विहीर काढली. विहिरीला पाणी लागलं.

इथवरची गोष्ट महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांची आहे. खरी भानगड पुढे. आलेलं पाणी कोणाचं?

साळुंख्यांच्या पाणी पंचायतीने, म्हणजे पाणी मिळून वाटून घेणाऱ्या गावकऱ्यांच्या संघटनेने, जमीन मोजलीच नाही, घरातली माणसं मोजली. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. वीस एकरवाल्यालाही तेवढंच. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याचाही पाण्यात वाटा. योजनेच्या खर्चातला 20 टक्के हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करायचा. आणि ऊस लावायचा नाही.

(दृश्य : पाटाचं दारं. फावड्याने माती ओढणारे हात.)

दुखतं ते इथे. "माझ्या रानात काय लावायचं, ते मला दुसरा कोण सांगणार?" हा प्रश्न आडमुठेपणाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. उसाला कारखाना आहे, बांधलेला दर आहे. वाटाण्याला बाजारात काय मिळेल, ते तोडणीच्या दिवशीही सांगता येत नाही. पण ऊस वर्षभर रानात उभा असतो, आणि एकाच्या उसाला लागणाऱ्या पाण्यात दुसऱ्या दोघा-तिघांची ज्वारी पिकते. मला विचाराल तर, हा नियम पाळला जातो तो योजनेत शिरतानाच कबूल केलेला असतो म्हणून. शिवारात ऊस डोक्याएवढा झाल्यावर "उपटा" म्हणायला कोण जाणार?

जमीनमालकाच्या पाण्यावरच्या हक्काला मर्यादा घालण्याकडे सरकारलाही पुढे यावं लागलं. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात शेती-उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई करण्याची तरतूद आहे. 60 मीटर म्हणजे साधारण दोनशे फूट. मघाची ती गाडी आठवा.

(दृश्य : तलाठी कार्यालय. टेबलावर फेरफाराचा कागद.)

पाणी पंचायतीचा आणखी एक नियम आहे. सभासदाने रान विकलं, की सातबाऱ्यावर नव्या मालकाचं नाव चढतं. विहीर दिसते, पाट दिसतो, पण त्यातलं पाणी व्यवहारात नसतं. ते पंचायतीकडे परत जातं.