आयोवाच्या तोफा

(दृश्य : सॅन पेद्रो बंदर, सकाळ. तीन नळ्या समोरून.)

लॉस एंजेलिसचं हे सॅन पेद्रो बंदर. आपल्यावर रोखलेल्या या तीन नळ्या ‘आयोवा’ या अमेरिकी युद्धनौकेच्या. पुढे सहा, मागे तीन, अशा एकूण ९. एकेक नळी २० मीटर लांब. खाली उभा असलेला तो टोपीवाला मुलगा बघा, म्हणजे अंदाज येईल.

तीन-तीन नळ्या बसवलेलं हे फिरतं पोलादी घर म्हणजे बुरूज. डेकवर दिसतो तो त्याचा नुसता माथा. खरा कारभार चाले कित्येक मजले खाली.

(दृश्य : गोळा, जवळून.)

हा चिलखतभेदी गोळा. वजन १,२२५ किलो. असे गोळे खाली ओळीनं उभे असत. एकेकाला दोराचा वेढा द्यायचा, दोर फिरत्या रहाटावर ताणून धरायचा, की तेल लावलेल्या पोलादी जमिनीवरून गोळा उभ्याउभ्या सरकू लागे. तेही बोट डोलत असताना! मग पाळण्यातून वर, आणि यांत्रिक दट्ट्यानं नळीत.

मागोमाग दारू. ५० किलोची एक, अशा ६ थैल्या. त्याही रेशमी. नौदलाला रेशमाची हौस नव्हती. रेशीम पुरतं जळून जातं, मागे धुमसती चिंधी राहत नाही. राहिली, तर पुढची थैली आत जातानाच पेट घेणार. थैलीच्या बुडाशी लाल कापडात काळी दारू शिवलेली असे, ठिणगी आधी ती पकडायची. बार झाला की नळीतून दाबाची हवा सोडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. हात बसलेली माणसं हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकत.

नेमाचं गणित करायला दंतचक्रांचं गणकयंत्र होतं. बोटीचा वेग, वारा, नळीची झीज, सगळं त्यात धरलेलं. १९८४ मध्ये बोट पुन्हा सेवेत आली, तेव्हाही तेच ठेवलं. नीट चालत होतं, मग बदला कशाला?

(जुनं चित्रण : तोफा डागताना. निवेदन थांबतं.)

पल्ला ३८ किलोमीटर. सीएसएमटीहून मोजलं तर ठाण्याच्याही पुढे. जुलै १९४५ मध्ये हे गोळे जपानमधल्या मुरोरानच्या पोलाद कारखान्यांवर पडले, १९५२ मध्ये कोरियाच्या किनाऱ्यावर.

(दृश्य : दुसरा बुरूज. कॅमेरा स्थिर.)

१९ एप्रिल १९८९. सराव चालू असताना याच बुरुजातल्या मधल्या तोफेत दारू पेटली. ४७ नौसैनिक गेले.

(दृश्य : नळीवरचा गंज खरवडणारे स्वयंसेवक.)

जुलै २०१२ मध्ये आयोवा संग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली. त्याच वर्षी आपल्या मुंबईत जुन्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरचं संग्रहालय बंद पडलं, आणि २०१४ मध्ये ती दारुखान्याच्या जहाजतोडणी आवारात तोडायला घेतली. इथे मात्र निवृत्त मंडळी पत्रा आणि ब्रश घेऊन हजर. खाऱ्या हवेत रंग टिकत नाही, म्हणून आज पुन्हा हीच नळी.

(निवेदन नाही. खरवडण्याचा आवाज.)