प्लेसी-बूरे: खजिनदाराने बांधलेली गढी

श्रोतेहो, नमस्कार. फ्रान्सच्या पश्चिम भागात, आँजे शहराच्या उत्तरेला, प्लेसी-बूरे नावाची एक गढी आहे. चहूबाजूंनी रुंद खंदक, चार कोपऱ्यांना गोल बुरूज, पांढऱ्या दगडाच्या भिंती आणि वर स्लेटची उभट छपरं. बांधणारे झाँ बूरे हे लढवय्ये सरदार नव्हते. राजा अकरावा लुई याचे ते सचिव आणि खजिन्याचे अधिकारी. लाँजे इथल्या राजाच्या किल्ल्याच्या कामावर त्यांनी आधी देखरेख केली होती. इथलं काम १४६८ मध्ये सुरू झालं आणि साधारण पाच वर्षांत उरकलं. अशा बऱ्याच गढ्या पिढ्यान्‌पिढ्या तुकड्यातुकड्यांनी वाढत गेल्या. ही एकाच आराखड्यातून उतरली, त्यामुळे पैसा कुठे आणि का खर्च केला, ते लगेच ध्यानात येतं.

तोपर्यंत तोफा आल्या होत्या, आणि उंच तट म्हणजे तोफेला आयतं लक्ष्य. म्हणून भिंतींच्या पायथ्याशी, पाण्याच्या जवळच, सुमारे तीन मीटर रुंदीचा ओटा सभोवती फिरवला. तिथून डागलेला गोळा पाण्यालगत सपाट जातो आणि पलीकडच्या काठावरच्या माणसांना गाठतो. उंचावरून तिरका आलेला गोळा जमिनीत रुततो. वरून खाली मारा करण्याचे सज्जे सर्वांत मोठ्या बुरुजाला आहेत. त्यात संरक्षण किती आणि मालकाचा रुबाब किती, हा प्रश्नच आहे. मला रुबाबाचा वाटा मोठा वाटतो.

आत जायला चाळीस मीटरहून लांब दगडी कमानींचा पूल. त्याच्या टोकाला उचलते पूल दोन: गाड्या-घोड्यांसाठी मोठा, पायी माणसासाठी चिंचोळा. दाराच्या वर भिंतीत उभ्या खाचा दिसतात. त्यांत लांब तुळया आसावर डोलायच्या. तुळईचं बाहेरचं टोक साखळीने पुलाच्या फळ्यांना बांधलेलं, आतल्या टोकाला वजन. आतलं टोक खाली ओढलं की फळ्या वर येऊन दारच बंद करतात आणि तुळया खाचांत जाऊन बसतात. या यंत्रणेत खोड तोल बिघडण्याची. फळ्या पावसात भिजून जड झाल्या, की तेवढंच वजन पुरत नाही. धाकट्या पुलाला एकच तुळई. रात्री एका निरोप्यासाठी मोठं दार उघडण्याचा धोका त्यामुळे टळायचा.

चौकात पाऊल टाकलं की मात्र किल्ला संपतो. बाजूचे सोपे मुद्दाम बुटके ठेवल्यामुळे राहत्या इमारतीच्या मोठ्या खिडक्यांना भरपूर ऊन मिळतं. पहारेकऱ्यांच्या दालनाच्या लाकडी तक्तपोशीवर चोवीस चित्रं आहेत, म्हणींची आणि थट्टेची. एकात शिशफास नावाची लांडगीण आहे. ती फक्त पतिव्रता बायकांना खाते, म्हणून उपाशी, हाडांचा सापळा झालेली! या चित्रांत किमयागारांची गुपितं शोधणारे पुष्कळ आहेत. त्यातली बरीच चित्रं साध्या चावटपणानेही उलगडतात.

आता दगडाविषयी. हा त्युफो, लुआर खोऱ्यातला मऊ चुनखडी दगड. करवतीने कापता येतो, नक्षीला उत्तम, पण पाणी फार पितो. त्याचे सांधे सिमेंटने भरले तर आतली ओल सांध्यातून बाहेर पडत नाही. ती दगडातूनच वाट काढते, क्षार पृष्ठभागाजवळ साचतात आणि काही वर्षांत दर्शनी थर पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून अशा इमारतीत दुरुस्तीला सांध्यांत दगडाहून मऊ असा चुन्याचाच मसाला भरायचा, आणि जुनं सिमेंट आधी हाताने, छिन्नीने काढायचं. यंत्राच्या दणक्याने दगडाच्या कडा उडतात.