एक-दोन ठिकाणी

(पहाट. रामबागेतली गच्ची. मोठ्या पातेल्यातून वाफ निघते आहे.)

इंदूर. मे महिना. शुक्रवारी बुद्धपौर्णिमा आली आहे, पाठोपाठ शनिवार-रविवार. सलग तीन दिवसांची सुट्टी.

या गच्चीवर सुट्टीची तयारी मंगळवारीच सुरू झाली, गहू भिजत घातले तेव्हा. रोज पाणी बदललं. गुरुवारी गहू वाटले, कापडातून पिळून चीक काढला. रात्रभर तो तळाशी बसला. आज पहाटे आजींनी वरची निवळ ओतून दिली आणि हिंग-मिठाच्या उकळत्या पाण्यात चीक शिजवायला घेतला. पळी न पडता उभी राहिली, की चीक झाला. आता सोऱ्या भरायचा आणि ऊन चढायच्या आत शेवटची कुरडई कापडावर घालायची.

शिजलेला चीक थांबत नाही. त्याला आज ऊन हवं, उद्या हवं, आणि जमलं तर परवाही.

(सूनबाईंच्या हातात मोबाइल.)

"आई, पिवळा इशारा आहे. एक-दोन ठिकाणी गडगडाटासह पाऊस, वादळी वारे."

"एक-दोन ठिकाणी म्हणजे आपल्याकडे का गं?"

आजींचा हा प्रश्न आणि कॅमेरे घेऊनच आम्ही हे तीन दिवस फिरलो.

(भरदुपार. राजवाड्यासमोरचा चौक. उसाच्या रसाची गाडी, डोक्याला गुंडाळलेले पंचे.)

आधी उन्हाचं बघू. सपाटीच्या भागात कमाल तापमान किमान ४० अंश असेल आणि ते त्या तारखेच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त वर गेलं असेल, तर हवामान विभाग त्याला उष्णतेची लाट म्हणतो. पारा थेट ४५ वर गेला, तर सरासरी बघायचीही गरज उरत नाही. मात्र हा पारा असतो झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, सावलीत. चौकातल्या डांबरावर उभ्या असलेल्या माणसाचं तापमान त्या पेटीत मोजलं जात नाही. रसाच्या गाडीवरचे हे दादा सकाळी दहापासून इथे आहेत. त्यांची सावली म्हणजे गाडीला बांधलेली एक छत्री.

(रात्र. गच्चीवर गाद्या. गच्चीच्या कठड्यामागून पौर्णिमेचा चंद्र.)

माळव्याची रात्र एके काळी नावाजलेली होती. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, असं म्हणायचे: शब-ए-माळवा. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीचं पठार, कोरडी हवा, स्वच्छ आकाश. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडून मोकळी व्हायची आणि पहाटे पांघरूण शोधावं लागायचं. आजींच्या उशाशी अजूनही चादर असते. सिमेंट दिवसाचं ऊन साठवून ठेवतं आणि रात्रभर सोडत राहतं. चौकाच्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या, तसतशी ही चादर घडीतच राहू लागली.

(शनिवार सकाळ. महूच्या पुढचा रस्ता. गाडीच्या काचेतून विंध्याची कड.)

आजींचा मुलगा, सून आणि नातवंडं महेश्वरला निघाली आहेत. आम्हीही त्यांच्याबरोबर. वाट जाम दरवाज्यावरून जाते. अहिल्याबाईंच्या काळातली ही दगडी वास्तू पठाराच्या अगदी काठावर उभी आहे. दरवाज्यापलीकडे जमीन एकदम खाली जाते आणि दूरवर निमाडचं धुरकट मैदान दिसतं. आमचा एक कॅमेरा आम्ही इथेच ठेवला, दक्षिणेकडे तोंड करून.

घाट उतरला की कानात दडे बसतात आणि उघड्या खिडकीतून येणारा वारा पोळायला लागतो. याचं गणित सरळ आहे. कोरडी हवा खाली उतरते, दाबली जाते, आणि दर किलोमीटरला जवळजवळ दहा अंशांनी तापते. महेश्वर इंदूरपेक्षा साधारण ४०० मीटर खाली आहे, म्हणजे चार अंशांचा फरक नुसत्या उंचीचाच. इंदूरचा अंदाज वाचून महेश्वरला निघालेली मंडळी हे चार अंश हिशेबात धरत नाहीत.

(अहिल्या घाट. पायऱ्यांवरून टुणटुण उड्या मारत पाण्याकडे धावणारी अनवाणी मुलं.)

१७६७ मध्ये कारभार हाती घेतल्यावर अहिल्याबाईंनी आपली राजधानी इथे, नर्मदेच्या काठी आणली. त्यांनी देशभर बांधलेल्या देवळांबद्दल आपण नेहमी बोलतो. त्यांच्या विहिरींबद्दल आणि धर्मशाळांबद्दल जास्त बोलायला हवं, असं मला वाटतं. वाटसरूला पाणी आणि सावली मिळावी, ही राज्याची जबाबदारी त्या मानत होत्या. दुपारी एक वाजता या घाटावर सावली सापडते ती देवळाच्या ओवरीत आणि तटाच्या पायथ्याशी. दोन्ही जागा जुन्याच.

वरच्या गल्लीत एका घरात माग चालू आहे. कोरड्या हवेत ताण्याचा धागा ठिसूळ होतो, तुटतो. म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलेलं आहे.

(जाम दरवाज्याजवळचा कॅमेरा. जवळजवळ पाच तासांची दृश्यं वेगाने सरकतात.)

आता या चित्राकडे नीट बघा. हेच दाखवायला आम्ही हा सगळा खटाटोप केला.

सकाळी अकरा. आकाश कोरं. दरीतून वर येणाऱ्या वाऱ्यात अरबी समुद्राचा ओलावा आहे. नर्मदेचं खोरं पश्चिमेला भडोचपाशी समुद्राकडे उघडतं, आणि बाष्प त्या वाटेने आत शिरतं. विंध्याचा हा दक्षिणेकडचा कडा सकाळपासून तापतो आहे. तापलेली हवा कड्याला धरून वर चढते.

साडेबारा. कापसाचे पहिले पुंजके. त्यांचे तळ बघा, पट्टीने आखल्यासारखे एका रेषेत आहेत. वर चढणारी हवा जिथे पुरेशी थंड होते, तिथे बाष्पाचे थेंब होतात. हवेचं तापमान आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे थेंब होऊ लागतात ते, यांच्यात जितक्या अंशांचं अंतर, त्याला १२५ ने गुणलं की ढगाच्या तळाची उंची साधारणपणे मीटरमध्ये मिळते. तापमान ४० आणि दवबिंदू १६ असेल, तर तळ तीन किलोमीटरवर. मे महिन्यातले ढग इतके उंच दिसतात ते यामुळे.

दोन वाजता पुंजके एकमेकांना मिळतात. तीनला त्यांचे मनोरे होतात. हा डावीकडचा बघा, कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत चाललेला. आत हवा जोराने वर उसळते आहे. बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात. हलके कण धन भार घेऊन वर जातात, जड गारा ऋण भार घेऊन खाली राहतात. तीन वाजून चाळीस मिनिटांनी माथा सपाट होऊन ऐरणीसारखा पसरतो. ढगाने आपलं छत गाठलं आहे.

आणि आता हे तळाशी लोंबणारे करडे पडदे. तो पाऊसच आहे, पण जमिनीपर्यंत पोचत नाही. खालच्या कोरड्या हवेत थेंब वाटेतच विरतात. विरताना हवेतली उष्णता ओढून घेतात, हवा थंड आणि जड होते, आणि खाली आदळून चारी बाजूंना पसरते. हीच आंधी. पाऊस मागे राहतो आणि वारा पुढे येतो.

(धुळीची भिंत. कॅमेरा हलतो.)

आम्ही परतून घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा कड्यावर बरेच लोक होते. वीज चमकली. नातवाने मोजायला सुरुवात केली, मोठ्याने. चोवीस झाले तेव्हा गडगडाट आला. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणजे आठ किलोमीटर. तीस मोजायच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात नाही तर काचा बंद केलेल्या मोटारीत बसायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. दरवाज्याची कमान आडोशासारखी वाटते, पण ती उघडी आहे. झाड तर नकोच. आम्ही हाका मारल्या. काही जण गाड्यांत बसले, काही फोटो काढत राहिले.

देशात विजेने दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात, आणि मृत्यूंच्या यादीत मध्य प्रदेश नेहमी वरच्या ओळींत असतो.

(काचेवर पावसाचे टपोरे थेंब. निवेदन थांबते.)

(रविवार. गच्ची.)

कड्यावर पाऊस झाला, इंदुरात एक थेंब नाही. अंदाज चुकला का? नाही. 'एक-दोन ठिकाणी' हे हवामान विभागाचे मोजलेले शब्द आहेत. त्या भागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर चौथाई केंद्रांवर पाऊस पडेल, असा त्यांचा अर्थ. कोणत्या गच्चीवर, हे तीन दिवस आधी कुणालाच सांगता येत नाही. ते कळतं त्याच दिवशी, पुढच्या तीन तासांच्या तात्कालिक अंदाजातून. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे अॅप तर वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघातल्या विजांची सूचना देतं. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. सुट्टीला निघताना आपण त्यात हॉटेल शोधतो, तसा दुपारी तीनला हा अंदाजही बघायला हवा. घाटातल्या प्रत्येक वळणावर तशी पाटी लागायला हवी.

आज उमस आहे. कालच्या पावसाचा ओलावा हवेत राहिला आहे. मातीच्या माठाचं पाणीसुद्धा रोजच्यासारखं गार झालेलं नाही, कारण माठाबाहेरचा ओलावा सुकतच नाही.

(तीन वाजून दहा मिनिटे. सूनबाई मोबाइल बघून वर बघतात. आजी आधीच कठड्याशी, पश्चिमेकडे तोंड.)

"आई, आलाय इशारा. तीन तासांत."

"दिसतंय मला. विमानतळाच्या अंगाला काळं झालंय. पोरांना बोलाव."

(चार हात कापडाची चार टोकं धरतात. वारा सुटतो.)

आजी एक कुरडई उचलतात आणि मधोमध मोडतात.

(कट्ट असा आवाज.)

"वाळल्या."