पाच शून्यं

आत्ता माझी ओळख करून देताना ‘एका गाडीवेड्या माणसाची मुलगी’ असं म्हटलं गेलं. बाबांना ते फारसं रुचलं नसतं. गाडीवेडा म्हटलं की डोळ्यांसमोर वेग येतो, नवी कोरी मॉडेल्स येतात. बाबांना त्यातलं काहीच नव्हतं. साठच्या पुढे काटा गेलेला मी क्वचितच पाहिला. कुठली शर्यत कोणी जिंकली हे त्यांना ठाऊक नसायचं. आयुष्यात गाड्या घेतल्या तीन, आणि तिन्ही दुसऱ्याने वापरलेल्या. पण गाडी चालते कशी आणि बंद पडते ती का, यावर बोलायला लागले की समोरचा उठून जाईपर्यंत थांबत नसत. बहुतेक वेळा आईच उठून जायची.

त्यांची एक आवडती गोष्ट होती. कार्ल बेंझने १८८६ साली मोटारीचं पेटंट घेतलं, पण ती गाडी विकत घ्यायला कोणी धजेना. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन, जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. इंधन संपलं तेव्हा वाटेत औषधाच्या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे पेट्रोलसारखंच एक द्रव, घेतलं. नळी तुंबली ती हॅटच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तर चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढावर पोरांनी गाडी ढकलली. आमची गाडी रस्त्यात बंद पडली की बाबा बॉनेट उघडायचे आणि ही गोष्ट सुरू करायचे. आई मागच्या सीटवरून एकदा म्हणाली, ‘‘नवरा बरोबर नव्हता म्हणून पोहोचली ती.’’

बाबांचं निदान सगळं कानावर चालायचं. लांब दांड्याचा एक स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. असं केलं की बाकीचा गोंगाट मागे पडतो आणि टेकवलेल्या जागेचाच आवाज कानात येतो. टॅपेट वाजतोय की बेअरिंग, ते कळतं. मला त्यांनी आधी चांगल्या इंजिनचा आवाज ऐकवला. कित्येक दिवस तोच. ‘‘निरोगी माहीत नसेल तर आजारी कसं ओळखशील?’’ म्हणायचे. म्हातारपणी ऐकू कमी यायला लागलं, तेव्हा ते मूठ हनुवटीला टेकवत. हाडाला कंप कळतो, म्हणत. खरंच कळत होतं की हट्ट होता, ते मी विचारलं नाही. पुढे मी इलेक्ट्रिक गाडी घेतली. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर आणला, बॉनेटपाशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘सुरू तरी कर.’’ ती सुरूच होती!

गाडी शिकवायची वेळ आली तेव्हा तीन आठवडे त्यांनी मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. आधी चाक बदल. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करायचे, मग जॅक लावायचा. उचलल्यावर जोर लावलास तर चाक नुसतं गरागरा फिरेल. स्टेपनी चढवली की नट एका ओळीने आवळायचे नाहीत, समोरासमोरचे आवळायचे, म्हणजे चाक सरळ बसतं. हाताला ऑइल लागलं म्हणून मी कुरकुर करत होते. ते मातीत उकिडवे बसून पाना कुठे धरायचा ते दाखवत होते. आता दिसतात ते नेहमी असेच उकिडवे बसलेले दिसतात, भिंतीवरच्या फोटोतल्यासारखे नाही.

एक सांगून टाकते, नाहीतर हे सगळं फारच गोड होईल. शाळेत मला एकदा पहिलं बक्षीस मिळालं. बाबा आले नाहीत. वाटेत कुणाच्या तरी गाडीच्या इंजिनचं हेड गॅस्केट गेलं होतं, तिथे थांबले. तो माणूस त्यांच्या ओळखीचासुद्धा नव्हता. रात्री बक्षीस हातात घेऊन बघितलं आणि त्यावर काळा अंगठा उमटवला. ते मला आजही लागतं.

आता वहीबद्दल. गाडीच्या कप्प्यात एक लांबट वही असायची. पेट्रोल भरलं की तारीख, मीटरचा आकडा, लिटर आणि शेवटच्या रकान्यात शेरा. ते गेल्यावर दादाने ती माझ्याकडे दिली. ‘पॉइंट घासले, फट ०.४.’ ‘तिसऱ्या प्लगवर काजळी, पेट्रोल जास्त खातेय.’ अशी पानंच्या पानं. आणि मध्येच, त्याच अक्षरात: ‘मुलीला ताप. रात्री २ ला निघालो. चोक न देता सुरू झाली.’ ‘मुलाचा शाळेचा पहिला दिवस. रेडिएटर गळतोय.’ चोक म्हणजे थंड इंजिन सुरू करताना ओढायचा खटका. माझ्या तापाची घरात राहिलेली लेखी नोंद ही एवढीच, आणि तीही गाडी चोकशिवाय सुरू झाली म्हणून!

वही हातात आल्यावर मी एकच रात्र शोधली. आमच्या पहिल्या गाडीच्या मीटरला पाचच आकडे होते. उजवीकडच्या चकतीची पूर्ण फेरी झाली की शेजारची एक घर पुढे जाते, अशी ती रचना. एके संध्याकाळी बाबा घरी आले आणि इंजिन बंद न करता हॉर्न वाजवत बसले. मीटर होता ९९९९३ वर. ‘‘सात किलोमीटर राहिलेत, चला सगळे.’’ आजी शाल गुंडाळून पुढे बसली. मी, आई आणि दादा मागे. माझा गृहपाठ अर्धा राहिला होता. काळोख पडला, पाच नऊ जुळले, बाबांनी गाडी कडेला घेतली, दादाच्या हातात टॉर्च दिला आणि शेवटचा किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालवला. आधी उजवीकडचा नऊ हलला. मग पाचही नऊ एकदम सरकायला लागले, इतक्या सावकाश की मध्ये काही क्षण तिथे कुठलाच आकडा नव्हता, नुसत्या अर्ध्यामुर्ध्या रेघा. मग पाच शून्यं. कोणीच काही बोललं नाही. आजीने विचारलं, ‘‘म्हणजे आता नवी झाली का?’’ बाबा इतके हसले की त्यांना गाडी थांबवावी लागली.

ते पान सापडलं. मला वाटलं होतं, इंजिनबद्दल काहीतरी लिहिलं असेल. मीटरच्या रकान्यात ००००० आहे. शेरा असा: ‘पाचही जण गाडीत. आई पुढे. मागच्या दोन्ही टायरांत हवा कमी आहे, सगळे बसले म्हणून कळलं.’