झाकण उघडलं की चालते

[गुहागर. माडाच्या बागेत पत्र्याची शेड. आत हिरवी फियाट.]

गुहागर सोडायचं, शृंगारतळी मागे टाकायची आणि मार्गताम्हान्याच्या अलीकडे गाडीनं दोन आचके देऊन गप्प बसायचं. तीन महिने हेच. गाडी १९६८ची, फियाट अकराशे डिलाइट. पन्नाशी उलटल्यामुळे सरकारी नियमात 'व्हिंटेज', घरात मात्र 'आजोबांची फियाट'.

तीन महिन्यांत पंपाचा डायफ्रॅम बदलला, कार्बोरेटरचं किट बदललं, कॉइलही नवी आली. पंपावर ओलं फडकं टाकून झालं. गरम पेट्रोलची वाफ होऊन पंप अडतो, हे जुन्या फियाटवाल्यांना पाठच असतं. फडक्यानं गाडी सुरूही व्हायची. खरं तर फडक्यानं नव्हे, ते भिजवून आणेपर्यंत जी दहा मिनिटं जायची, त्यांनी.

मिस्त्रींनी विचारलं, "टाकी फुल असली की लवकर बंद पडते का?"

"हो ना! म्हणून हल्ली पाचच लिटर भरतो."

"मग बॉनेट कशाला उघडताय? टाकीचं झाकण उघडा."

[झाकण फिरतं. फुस्स. निवेदन थांबतं, आवाज पूर्ण ऐकू द्यावा.]

ही हवा आत शिरतेय. जेवढं पेट्रोल इंजिनाकडे जाईल, तेवढी हवा टाकीच्या हवानळीतून आत यायला हवी. ती अडली की आतला दाब उतरतो आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. भरल्या टाकीत हवा मुळातच थोडी, म्हणून दाब लवकर उतरतो. साठ बाय चाळीस सेंटिमीटरचा पत्रा धरा. आतला दाब विसाव्या हिश्श्यानं जरी कमी झाला, तरी त्या पत्र्यावर सुमारे १२० किलोंचा भार येतो. टाक्यांना पोचे येतात ते असे.

[गाडीखाली. हवानळीच्या तोंडाशी वाळलेली माती.]

आणि ही कुंभारीण माशीची करामत. कोकणात उभी गाडी म्हणजे तिला आयतं घर. पण तेवढ्यानं गाडी अडली नसती. मूळ झाकणाला बारीक भोक होतं, त्यातून काम भागायचं. पेट्रोल चोरीला जायला लागलं म्हणून कुलपाचं झाकण बसवलं. ते दुसऱ्याच गाडीचं, बिनभोकाचं.

"त्यालाच भोक पाडू या की!"

"ड्रिलची ठिणगी आणि पेट्रोलची वाफ? नको."

टाकी रिकामी करून उतरवली. नळीतली माती सायकलच्या ब्रेकच्या तारेनं कोरून काढली. कॉम्प्रेसरची हवा मारली नाही, मातीच टाकीत गेली असती. नळीचा रबरी तुकडा बाहेरून ठीक, आतून फुगून मिटलेला. इथेनॉलच्या पेट्रोलात जुन्या रबराचं असं होतं. नवा टाकला, टाकीच्या माथ्यावरून वळसा देऊन, म्हणजे वळणावर पेट्रोल सांडायला नको. तोंड खाली, त्यावर पितळी जाळी.

[अंगणात ऊन. टाकी पुन्हा गाडीत. नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात.]

ही तपासणी मला फार आवडली. आत थोडं पेट्रोल, वर तेच बिनभोकाचं झाकण गच्च बसवलेलं. ऊन लागलं, वाफ वाढली आणि पेल्यात बुडबुडे यायला लागले. नळी मोकळी. मग मूळ झाकण परत बसलं.

"आणि चोरीचं काय?"

"गाडी दाराशी लावा. कुत्रा आहे ना?"