चावीविना सेल्फ: गाडीत अलार्म आणि रिमोट स्टार्ट बसवताना

(दृश्य: वर्कशॉप. हॅचबॅक उभी, ड्रायव्हरचं दार उघडं. स्टिअरिंगखालचं प्लास्टिक पॅनल निघतंय.)

या गाडीला कंपनीकडून चावी मिळाली आहे, बाकी काही नाही. सेंटर लॉक नाही, सायरन नाही. पेट्रोल इंजिन, पाच गिअर, हातानं टाकायचे. मालकाच्या मागण्या दोन. कोणी गाडीशी छेडछाड केली तर आवाज व्हावा. आणि मे महिन्यात भर दुपारी आत बसण्याआधी पाच-सात मिनिटं एसी सुरू झालेला असावा.

पहिली मागणी अर्ध्या दिवसाचं काम. दुसरीला उरलेला दिवस लागतो, आणि त्यातला बराचसा वेळ इंजिन नको तेव्हा सुरू होऊ नये याची तजवीज करण्यात जातो.

रिमोट स्टार्ट ही मुळात थंड देशांतली सोय. कॅनडात, अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात काचेवरचं बर्फ वितळून गाडी आतून ऊबदार व्हावी, म्हणून लोक ती बसवून घेतात. तिथल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक. P मध्ये, म्हणजे ‘पार्क’मध्ये, लावलेली गाडी सेल्फ मारला तरी जागची हलत नाही. आपल्याकडे ड्रायव्हिंग स्कूलमध्येच शिकवतात: चढावर गाडी लावलीत तर पहिला गिअर, उतारावर लावलीत तर रिव्हर्स. अशा गाडीला क्लच न दाबता सेल्फ बसला, की इंजिन सुरू होण्याआधीच स्टार्टर मोटर तिला ढकलते. समोर भिंत असेल तर बंपर जातो. भिंतच असेल असं मात्र नाही.

(दृश्य: टेबलावर किट मांडलेलं.)

किटमध्ये मुख्य मॉड्यूल, दोन रिमोट, सायरन, शॉक सेन्सर, लुकलुकणारा एलईडी, बॉनेटचा पिन स्विच, व्हॅलेचा (अलार्म आणि रिमोट स्टार्ट तात्पुरते बंद ठेवण्याचा) छोटा स्विच आणि वायरींचा जुडगा. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किट घेताना दोन गोष्टी विचारा. रिमोटचा कोड दर वेळी बदलतो का? स्थिर कोडचा रिमोट स्वस्त असतो, पण त्याचा सिग्नल पकडून पुन्हा वाजवता येतो. आणि मॅन्युअल गिअरसाठीचा ‘रिझर्व्हेशन मोड’, म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आहे याची आधी खात्री करून घेणारी सोय, आहे का? नसेल तर ते किट या गाडीसाठी नाही, किंमत काहीही असो.

(दृश्य: मल्टीमीटर. इग्निशन स्विचचा कपलर.)

आता वायरी ओळखायच्या. रंगांवर विश्वास ठेवायचा नाही. एकाच मॉडेलच्या, पण वेगवेगळ्या वर्षी बनलेल्या गाड्यांत रंग वेगळे निघतात. मल्टीमीटरची काळी पिन अर्थला, म्हणजे गाडीच्या उघड्या धातूला, लाल पिन एकेका वायरला. चावी काढलेली असतानाही 12 व्होल्ट दाखवते ती बॅटरीची कायमची वायर. चावी पहिल्या टप्प्यावर आली की 12 येतात आणि सेल्फ मारताना शून्य होतात, ती ॲक्सेसरी. चावी ‘ऑन’वर असताना आणि सेल्फ मारतानाही व्होल्टेज टिकवते ती इग्निशन. फक्त सेल्फच्या क्षणी जिवंत होते ती स्टार्टरची. काही गाड्यांत इग्निशनच्या दोन वायरी असतात. दुसरी चुकली तर इंजिन सुरू होतं, पण ब्लोअर फिरत नाही, म्हणजे ज्या एसीसाठी एवढा खटाटोप केला तोच बंद.

तपासायला टेस्ट लॅम्प वापरू नका. त्याचा बल्ब करंट ओढतो आणि चुकून एअरबॅगच्या वायरीला लागला तर एअरबॅग उडू शकते. पिवळं आवरण, पिवळा कपलर दिसला की तिथे मीटरही लावायचा नाही.

सगळ्या वायरी वहीत लिहून झाल्या की बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं, काही मिनिटं थांबायचं आणि मग जोडणी.

जोडणीत घाई दिसते ती इथेच. वायरीवर चिमटणारे प्लास्टिकचे टी-कनेक्टर दोन मिनिटांत बसतात. सायरनच्या ट्रिगरसारख्या बारीक करंटच्या वायरीला ते एक वेळ चालतील, इग्निशनच्या वायरींना नाहीत. त्यांच्यातून 20 अँपिअरपर्यंत करंट जातो. कनेक्टरचं पातं वायरीच्या मोजक्याच तारांना टेकतं, सांधा तापतो, प्लास्टिक मऊ होतं आणि सहा महिन्यांनी गाडी अधूनमधून बंद पडू लागते. अधूनमधून येणारा दोष शोधायला सगळ्यात अवघड.

(दृश्य: सोल्डरिंग, अगदी जवळून.)

मूळ वायर तोडायची नाही. दोनेक सेंटिमीटर आवरण सोलायचं, तारा मधोमध फाकवायच्या, नवी वायर त्या फटीतून ओवून पीळ द्यायचा आणि सोल्डर करायचं. कथील तारांमध्ये झिरपलं पाहिजे, वर गोळा होऊन बसता कामा नये. त्यावर कापडी टेप. साधी पीव्हीसी टेप उन्हात तापलेल्या डॅशबोर्डखाली सुटते आणि गोंद तेवढा चिकटून राहतो. मॉड्यूलच्या पॉवरच्या प्रत्येक वायरीवर फ्यूज हवा, जिथून वायर काढली त्या जागेपासून जितका जवळ तितका बरा.

अर्थसाठी डॅशबोर्डखालचा धातूचा बोल्ट घ्या, रंग खरवडून पत्रा उघडा करा, रिंग टर्मिनल घट्ट आवळा. अर्थ सैल असेल तर मॉड्यूल विचित्र वागतं: दारं आपोआप लॉक होतात, सायरन अर्धवट वाजतो. दोष मॉड्यूलचा वाटतो आणि ते बदललं जातं.

दारांचं काम मेहनतीचं असलं तरी सरळ आहे. सेंटर लॉकसाठी चार ॲक्च्युएटर, म्हणजे लॉक ओढणाऱ्या छोट्या मोटरी: ड्रायव्हरच्या दाराचा पाच वायरींचा, बाकीचे तीन दोन वायरींचे. दारातून बॉडीत जाणारी वायर रबरी बुटातूनच न्यायची, नाहीतर दर उघडझापीला ती पत्र्यावर घासते. ॲक्च्युएटरची काडी आणि लॉकची काडी एका रेषेत हव्यात. तिरकी बसली तर उन्हाळ्यात चालते आणि पावसाळ्यात लॉक जड झालं की मोटर दमते. इंडिकेटरसाठी डाव्या-उजव्या वायरी वेगवेगळ्या आउटपुटला जोडायच्या. दोन्ही एकत्र बांधल्या तर वळताना चारही दिवे लुकलुकतात.

सायरन बॉनेटखाली, एक्झॉस्टपासून दूर, तोंड खाली करून. तोंड वर राहिलं तर पहिल्याच पावसात त्यात पाणी साचतं. वायर आत नेताना फायरवॉलमधला रबरी ग्रोमेट बंद केला नाही, तर तेच पाणी पायाखालच्या मॅटमध्ये येतं. बाहेरच्या वायरींना पन्हाळी नळी घाला. उंदरांचा बंदोबस्त त्यानं होत नाही, पण त्यांचं काम थोडं अवघड होतं.

शॉक सेन्सर डॅशबोर्डखाली धातूच्या पट्टीला केबल टायनं आवळायचा. प्लास्टिकला बांधला तर धक्का त्याच्यापर्यंत पोचतच नाही. संवेदनशीलता बहुतेक जण जास्त ठेवून देतात, कारण दुकानात दाखवताना ते छान वाटतं. मग गणपतीत ढोल-ताशाचं पथक गल्लीतून गेलं किंवा दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला, की सगळ्या आळीत सायरन. चार दिवसांत शेजारी आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकतात, आणि खरा चोर आला तरी खिडकीत कोणी येत नाही. तळव्यानं काचेवर जोरात थाप मारल्यावर वाजला आणि टायरला लाथ मारल्यावर फक्त चिवचिवला, एवढं पुरे.

चोरी थांबवायला रिले (विजेवर चालणारा स्विच) लावायचा तो फक्त स्टार्टरच्या वायरीवर, 30 आणि 87ए या पिनांमधून. या पिना एरवी जोडलेल्या असतात, त्यामुळे अलार्म मेला तरी गाडी चावीनं सुरू होते. काही ग्राहक चालती गाडी रिमोटनं बंद पडावी अशी मागणी करतात. ती मान्य करू नका. घाटात इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जातं आणि दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं.

(दृश्य: चावीचा गाळा, त्याभोवतीची गोल कॉइल.)

चावी फिरली तरी इंजिन सुरू होईलच असं नाही. चावीच्या डोक्यात चिप असते आणि गाळ्याभोवतीची कॉइल ती वाचते. ओळख पटली नाही तर इमोबिलायझर इंजिन चालू देत नाही. म्हणून बायपासची डबी: तिच्यात जादा चावीची चिप, भोवती तारेची कॉइल, आणि रिमोट स्टार्टच्या वेळेपुरताच जोडणारा रिले. रिले न लावता कॉइल कायम जोडून ठेवली तर इमोबिलायझर कायमचाच निकामी केल्यासारखं होतं.

डबीत मालकाची दुसरी चावी टाकू नका. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, आणि त्यातली एक तर गाडीबरोबरच गेलेली असेल. डीलरकडून तिसरी चावी प्रोग्रॅम करून घ्या आणि तिचं पातं कापून टाका.

इंजिन सुरू झालं हे मॉड्यूलला कळणंही गरजेचं. नाहीतर ते सेल्फ मारतच राहतं आणि फ्लायव्हीलचे दाते खरवडले जातात. त्यासाठी इंजेक्टर किंवा इग्निशन कॉइलकडून आरपीएमची (इंजिनच्या फेऱ्यांची) वायर घ्यायची आणि आयडलचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतानाचा, वेग मॉड्यूलला शिकवायचा. फक्त व्होल्टेज बघून ठरवण्याची सोयही असते, पण बॅटरी कमकुवत झाली की ती फसते. डिझेल गाडीत ग्लो प्लग तापेपर्यंत थांबण्याची वेळ वेगळी लावावी लागते.

आता रिझर्व्हेशन मोड. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, पाय पेडलवरून काढलेले. रिमोटचं बटण दाबायचं. चावी काढायची, इंजिन चालूच राहतं. खाली उतरून सगळी दारं लावायची, लॉक करायचं. इंजिन बंद होतं. क्लच सोडूनही इंजिन चालत राहिलं, म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये आहे, हे मॉड्यूलला कळलं. यानंतर एकही दार उघडलं तर कोणी गिअर हलवला असेल असं धरून मोड रद्द होतो, आणि रिमोट स्टार्ट होत नाही.

ही सगळी इमारत दाराच्या स्विचवर उभी आहे. मागच्या उजव्या दाराचा स्विच गंजला असेल तर पोर आत शिरून गिअर टाकेल आणि मॉड्यूलला पत्ता लागणार नाही. म्हणून चारही दारं आणि डिक्की एकेक उघडून तपासायची. काच खाली असेल तर हात आत जातो, त्याला मोडकडे उत्तर नाही. काचा वर करूनच उतरायचं. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न घेणाऱ्या गाडीत क्लचचा स्विच कायमचा जोडून टाकणारे कारागीर आहेत. त्यांना हातही लावू देऊ नका. तो स्विच रिलेनं, रिमोट स्टार्टपुरताच जोडायचा.

एएमटी, म्हणजे क्लच-गिअरचं काम यंत्रच करतं अशा गाड्यांत दोन पेडल दिसतात म्हणून फसू नका. 2014 च्या सेलेरिओपासून त्या आपल्याकडे रुळल्या, पण आत गिअरबॉक्स मॅन्युअलच आहे, P नाही, आणि लोक त्या गिअरमध्येच लावून जातात.

(दृश्य: मोकळं आवार, चाकांपुढे लाकडी ठोकळे.)

चाचणी मोकळ्या जागेत. बॉनेट उघडं ठेवून बटण दाबा: सुरू होता कामा नये, कारण तिथे मेकॅनिकचा हात असू शकतो. हँडब्रेक खाली: सुरू होता कामा नये. मोड लावून दार उघडा, लावा, बटण दाबा: नाही. रिमोटनं सुरू झालेल्या गाडीत चावी न लावता ब्रेक दाबा: इंजिन लगेच बंद. यातली एक जरी चाचणी चुकली, तरी गाडी रिमोट स्टार्टशिवाय परत द्यायची.

शेवटी गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास सोडा आणि बॅटरीतून जाणारा करंट मोजा. 50 मिलिअँपिअर असेल तर 35 अँपिअर-अवरची बॅटरी पंधरा दिवसांत निम्मी होते. 30 च्या आत आला तर ठीक.

रिमोट हातात देताना मालकाला तीन गोष्टी सांगायच्या. इंजिन चालण्याची मुदत 10 मिनिटांवर ठेवली आहे. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये तेवढंही नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 126 नुसार सार्वजनिक ठिकाणी ड्रायव्हरच्या सीटवर परवानाधारक माणूस नसताना इंजिन चालू ठेवून गाडी उभी करता येत नाही, त्यामुळे रस्त्याकडेला लावलेल्या गाडीसाठी ही सोय नाही. आणि सर्व्हिसिंगला देताना व्हॅले मोड चालू करून द्यायचा, रिमोट मात्र स्वतःजवळ ठेवायचा.